परवानगी एकाची, रस्ता दुसऱ्याचा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची लिखित संहिता)



संयोजकांनी मला विषय कळवला तो असा : 'वाढतं उपनगर, वाढता व्यापार आणि वाहतूक'. विषय मोठा, वेळ तासाभराचा. शिवाय तुमच्यापैकी बरेचजण इथे येतानाही कुठल्या ना कुठल्या चौकात अडकून आलेले असणार. तेव्हा कोंडीचं वर्णन करण्यात मी वेळ घालवत नाही. ते तुम्ही माझ्यापेक्षा रसाळ करता. मी नगररचनेच्या कामात आयुष्य काढलेला माणूस आहे. नकाशे, सर्व्हे नंबर आणि हरकतींच्या फायली हेच माझं जग. त्या जगातून पाहिलं की कोंडी कशी दिसते, एवढंच आज सांगायचं आहे. त्यासाठी देशभरची उदाहरणं गोळा करण्यापेक्षा इथल्या प्रत्येकाला ठाऊक असलेलं एकच घेतो : हिंजवडी, आणि तिच्या भोवतीचे वाकड, माण, मारुंजी, म्हाळुंगे, बालेवाडी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांची अडचण होणार नाही. कोंडी दिसते रस्त्यावर, पण तिचा जन्म परवानगीच्या टेबलावर होतो. कार्यालयांना, मॉलला, मंगल कार्यालयाला जो परवानगी देतो, त्याच्याकडे तिथे जाणाऱ्या रस्त्याची जबाबदारी नसते. आणि रस्ता ज्याच्या गळ्यात असतो, त्याला परवानगी देताना कोणी विचारत नाही. व्यापार वाढला म्हणून उपनगर गुदमरत नाही. तो एका ठिकाणी ढीग घालून आणि दोन-तीन वाटांच्या भरवशावर वाढवला, म्हणून गुदमरतं.

हिंजवडीची गोष्ट तशी साखरेपासून सुरू होते. इथे सहकारी साखर कारखाना व्हायचा होता. शरद पवारांनी तो किस्सा जाहीर भाषणांतून अनेकदा सांगितला आहे : कारखाना दुसरीकडे न्या, इथे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या येतील. त्याप्रमाणे संत तुकाराम कारखाना कासारसाईजवळ गेला आणि हिंजवडीच्या माळावर एमआयडीसीचं राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभं राहिलं. निर्णय दूरदृष्टीचा होता, यात मला शंका नाही. मुंबई-पुणे महामार्ग जवळ, पाणी जवळ, जमीन मोकळी, आणि शिकलेली पोरं पुण्यात हजारांनी. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट अशी नावं आली. पहिला टप्पा भरला, दुसरा आला, तिसरा आला.

पण एक गंमत पाहा. साखर कारखाना झाला असता, तर गळीत हंगामात उसाच्या गाड्या कुठून येणार, किती येणार, काट्यावर रांग कुठवर लागणार, याचा विचार कोणत्याही संचालक मंडळाला पहिल्या दिवशी करावा लागला असता. गाड्या अडकल्या की ऊस वाळतो आणि उतारा घसरतो. संगणकावर काम करणारा माणूस दीड तास अडकला तर काही वाळत नाही, निदान ताळेबंदात दिसेल असं. म्हणून हिंजवडीत प्रत्येक भूखंडाला वीज किती, पाणी किती, चटईक्षेत्र किती, याचा चोख हिशेब झाला. माणसं किती येणार आणि कुठल्या वाटेने येणार, हा हिशेब मात्र कुणाच्याच फाइलवर नव्हता.

आता जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. हिंजवडीच्या पूर्वेला कात्रज-देहूरोड बाह्यवळण महामार्ग. दक्षिणेला मुळा नदी. उद्यानात काम करणारी बहुतेक माणसं राहतात या दोन्हींच्या पलीकडे, पिंपरी-चिंचवडमध्ये किंवा पुण्यात. म्हणजे रोज सकाळी लाखाच्या घरातली माणसं एक महामार्ग किंवा एक नदी, किंवा दोन्ही, ओलांडून येणार. ओलांडायच्या जागा किती? वाकडचा पूल, भूमकर चौकाचा भुयारी मार्ग, म्हाळुंग्याकडचा रस्ता, आणि मग ताथवडे-पुनावळ्याकडची अरुंद भुयारं. बाह्यवळण रस्ता बांधला तेव्हा या बाजूला शेती होती. महामार्गाखालची ती भुयारं गावकऱ्याचा ट्रॅक्टर, गुरं आणि उसाची गाडी पलीकडे जावी, एवढ्याच बेताची आहेत. त्यातून आज कंपन्यांच्या बसगाड्या, टँकर, सिमेंटचे मिक्सर आणि शाळेच्या व्हॅन जातात. पाऊस पडला की पाणी साचतं ते वेगळंच.

तुम्ही म्हणाल, मग ही भुयारं रुंद का केली नाहीत? खरा प्रश्न तोच आहे. वाकडहून तिसऱ्या टप्प्यात जाणाऱ्या माणसाचा रस्ता कोणाकोणाचा आहे ते मोजू. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेचं. महामार्ग आणि त्याची भुयारं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं ग्रामपंचायतींची, पण त्यांच्या बांधकाम परवानग्या आणि विकास आराखडा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे. आणि हे प्राधिकरण स्थापन झालं २०१५ साली, उद्यान भरून वाहायला लागल्यावर. उद्यानाच्या आत नियोजन प्राधिकरण एमआयडीसी. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे. बस पीएमपीएमएलची. चौक पोलिसांचा. नदीपलीकडची बालेवाडी पुणे महापालिकेची. एवढे मालक असलेल्या वाटेवर खड्डा पडला, तर तो कुणाच्या हद्दीतला हे ठरेपर्यंत पावसाळा संपतो.

बालेवाडी आणि वाकडला जोडणाऱ्या मुळेवरच्या पुलाची हकिकत तुमच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. पूल उभा राहिला, पण बालेवाडीच्या बाजूचा जोडरस्ता भूसंपादनात अडकला. नदीत खांब रोवणं सोपं, काठावरची काही गुंठे जमीन ताब्यात घेणं अवघड. कित्येक वर्षं तो पूल नुसता पाहण्यापुरता होता. त्या काळात दोन्ही काठांवर इमारतींना परवानग्या देणं थांबलं का? एक दिवसही नाही. पुलाचा आणि परवानगीचा एकमेकांशी संबंध असावा, असं सांगणारा नियम आपल्याकडे नाही. मला विचाराल तर हिंजवडीच्या दुखण्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

आता थोडं गणित. घाबरू नका, चौथीचं आहे.

दहा लाख चौरस फुटांची कार्यालयीन इमारत धरा. माणशी शंभर चौरस फूट धरलं तर दहा हजार माणसं झाली. त्यातली तीन हजार स्वतःच्या मोटारीने आली, बाकीची दुचाकीवर, बसने, कॅबने. सिग्नल असलेल्या रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला साधारण सात-आठशे मोटारी सुटतात. यापेक्षा जास्त सुटल्या तर त्या चौकातल्या हवालदाराचा सत्कार करावा. म्हणजे फक्त या एका इमारतीच्या मोटारींना एक मार्गिका जवळजवळ चार तास हवी. दुचाकी धरलेल्याच नाहीत. आणि अशी इमारत एकटी नसते. या हिशेबाला वाहतूक अभियंता लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. तरीही आपल्याकडे इमारतीच्या फाइलवर अग्निशमनाचा दाखला असतो, पर्यावरणाचा असतो, झाडांचा असतो, विमानतळ जवळ असेल तर उंचीचा असतो; आणि वाहतुकीच्या नावाखाली असतं ते फक्त पार्किंगचं कोष्टक. इतक्या चौरस फुटांना इतक्या गाड्यांची जागा. म्हणजे गाडी आत कुठे उभी राहणार याची काळजी झाली. ती फाटकापर्यंत पोहोचणार कशी, हे पाहणं दुसऱ्याच्या अंगावर.

या पार्किंगच्या कोष्टकाबद्दल माझं मत जरा कडू आहे. डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने २००५ साली याच विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की, जागा फुकट आणि सक्तीने बांधायला लावली की गाडी घेऊन येणं हाच सगळ्यात स्वस्त पर्याय होतो, आणि त्याचा खर्च गाडी नसलेल्यालाही वस्तूंच्या किमतीतून भरावा लागतो. आपल्याकडे नियम करणाऱ्यांना वाटतं की पार्किंग वाढवलं म्हणजे वाहतूक सुधारली. मुळात प्रत्येक वाढीव जागा म्हणजे रोज सकाळी येणारी आणि संध्याकाळी जाणारी आणखी एक गाडी. बसचा थांबा शंभर पावलांवर असलेल्या इमारतीला आणि माळावरच्या इमारतीला पार्किंगचा सारखाच नियम लावायचा, हे मला कधी पटलेलं नाही.

कोंडी झाली की लोकांच्या तोंडी दोन शब्द येतात : रुंदीकरण आणि उड्डाणपूल. नगरसेवक, आमदार, वर्तमानपत्रं, सोसायटीचे अध्यक्ष, सगळ्यांचं यावर एकमत. हे एकमतच मला धोक्याचं वाटतं. पुणे विद्यापीठाच्या चौकातला उड्डाणपूल आठवतो ना? वाहतूक सुटावी म्हणून बांधला आणि जेमतेम दीड दशकात, २०२० साली, पाडला. कारण हिंजवडीहून येणाऱ्या मेट्रोला आणि नव्या दुमजली पुलाला तो आडवा येत होता. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकांनी उडवला, तेव्हा ते पाहायला गर्दी जमली होती. पूल पाडणं हा आपल्याकडे सोहळा झाला आहे. त्या पुलांवर झालेल्या खर्चाचा सोहळा मात्र कोणी करत नाही.

रुंद केलेला रस्ता पुन्हा का भरतो, याचं उत्तर जुनं आहे. अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली मांडलं की, गर्दीच्या वेळच्या महामार्गाची क्षमता वाढवली तर दुसऱ्या रस्त्यावरून जाणारे, दुसऱ्या वेळी जाणारे आणि दुसऱ्या वाहनाने जाणारे सगळे त्या रस्त्यावर लोटतात, आणि रस्ता पूर्वीइतकाच भरतो. २०११ साली ड्युरांटन आणि टर्नर या दोघांनी अमेरिकेतल्या महानगरांची आकडेवारी तपासली, तर महामार्गाची लांबी ज्या प्रमाणात वाढली, साधारण त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढलेली दिसली. म्हणून काही रस्ते बांधूच नयेत, असं मी म्हणत नाही. हिंजवडीला रस्ते कमीच आहेत. पण एका रस्त्याच्या आठ मार्गिका करण्यापेक्षा दोन मार्गिकांचे चार रस्ते करा, असं मी म्हणेन. एकच वाट रुंद केली तर चौक तोच राहतो, आणि गाडी अडते ती चौकात.

याचा पुरावा आपल्याच पोलिसांनी दिला आहे. २०१८ साली पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि त्याच सुमारास हिंजवडीच्या शिवाजी चौकात चक्राकार वाहतुकीचा प्रयोग झाला. सरळ जायचं नाही, वळसा घालून एका दिशेने फिरायचं. एक इंचही रस्ता रुंद न करता नुसते अडथळे मांडून चौक बऱ्यापैकी मोकळा झाला. लोकांना अंतर जास्त पडलं, म्हणून कुरकुर झाली, ती रास्त होती. चौक हलका करण्याचं काम पोलिसांनी केलं. चौकाला पर्याय देणारे रस्ते देणं त्यांच्या हाती नव्हतं.

इथे एक माणूस आठवतो. मुंबईत केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल १९६५ साली झाला. तो देशातला पहिला उड्डाणपूल मानला जातो, आणि त्याचे अभियंते शिरीष पटेल. त्याच वर्षी या पटेलांनी चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर 'मार्ग' नियतकालिकात लिहून खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. पहिला उड्डाणपूल बांधणाराच त्याच वर्षी म्हणत होता की, इतक्या माणसांनी रोज एकाच टोकाला यायचं हेच मुळात बदलायला हवं. ते शहर उभारण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबईची कल्पना अशी की वाशी, नेरूळ, बेलापूर अशा प्रत्येक वसाहतीत घरंही असतील आणि कामंही. मंत्रालयासारखी मोठी कार्यालयं तिकडे हलवण्याचा विचार होता. ती गेली नाहीत. रेल्वेने खाडी ओलांडून मानखुर्दहून वाशी गाठायला १९९२ साल उजाडलं. तोवर लोक घरं घेऊन राहायला गेले होते आणि नोकरीसाठी रोज मुंबईला परतत होते. पण घाऊक बाजारपेठा वाशीला हलवल्या, तेव्हा मसजिद बंदरच्या गल्ल्यांवरचा केवढा तरी भार उतरला. नवी मुंबई पुष्कळ ठिकाणी चुकली, आणि तरीही तिथल्या संध्याकाळी हिंजवडीइतक्या वाईट नसतात. कारण तिथे रस्त्यांचं जाळं आधी आखलं आणि इमारती त्याच्या आत आल्या.

पुण्यातच पाहायचं तर मगरपट्ट्याकडे पाहा. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली आणि विकण्याऐवजी तिच्यावर स्वतःच वसाहत केली. कार्यालयं, घरं, शाळा, दवाखाना, दुकानं, बाग सगळं एकाच कुंपणात. आतली काही माणसं कामाला चालत जातात. पण कुंपणाच्या बाहेर येऊन मुंढवा-हडपसर रस्त्यावर उभे राहिलात, तर हिंजवडीचीच आठवण येईल. आतला आराखडा उत्तम, बाहेरचा रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात. जमीनमालक एकत्र आले तर काय होऊ शकतं हे मगरपट्ट्याने दाखवलं. एका वसाहतीने शहर सुटत नाही हेही त्यानेच दाखवलं.

आता एक अप्रिय गोष्ट बोलतो, कारण समोर सोसायट्यांचे पदाधिकारी पुष्कळ दिसतात. नगररचनेच्या फायलींत मी सगळ्यात जास्त वाचलेली हरकत कुठली असेल, तर ती ही : 'आमच्या शांत निवासी भागात दुकानांना परवानगी देऊ नये.' लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. खाली पावभाजीचा गाडा, वर तीन बेडरूमचा फ्लॅट, हे कुणालाही नकोच. पण परिणाम काय होतो? दळण, औषध, भाजी, झेरॉक्स, केस कापणं, मुलाची शिकवणी, सगळ्यासाठी गाडी काढून मुख्य रस्त्यावर जायचं. पुण्याच्या जुन्या पेठांत तळमजल्यावर दुकान आणि वर घर होतं, म्हणून तिथली माणसं पायी कामं उरकत. आज वाकडला दुधाच्या पिशवीसाठी स्कूटर निघते. छोटा व्यापार गल्लीबोळांत पसरू द्या. हवं तर वेळ, आवाज, कचरा, फलक यांवर कडक नियम लावा. हिंजवडीच्या उद्यानात उलटी चूक झाली. तिथे कार्यालयांखेरीज फार काही होऊ दिलं नाही. परिणामी दुपारी जेवायला हजारो माणसं फाटकाबाहेर येतात आणि पदपथावरच्या टपऱ्या हेच तिथलं खरं भोजनगृह होतं. मग अतिक्रमणविरोधी पथक येऊन टपऱ्या उचलतं आणि आठवड्यात त्या पुन्हा येतात. भूक आराखड्यात दाखवली नाही म्हणून ती लागायची थांबत नाही.

ज्याला कोणी व्यापारी विस्तार म्हणत नाही, असाही एक व्यापार आहे : लॉन्स आणि मंगल कार्यालयं. तुळशीचं लग्न लागलं की वाकडपासून पुनावळ्यापर्यंत संध्याकाळी काय होतं ते मी सांगायला नको. हजार-दोन हजार पाहुणे, वरात रस्त्यावर, बँड रस्त्यावर, गाड्या डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्याच्या दोन्ही कडांना. जेवणावळ मालकाच्या जागेत, बाकी सगळं सार्वजनिक जागेत. अशा व्यवसायाला रस्त्यावरच्या भाराची अट घालणं इतकं अवघड का असावं? बहुधा आमंत्रण सगळ्यांनाच असतं म्हणून.

असो. उपायाकडे येतो, आणि इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण उपाय नवा नाही आणि आपल्याला अपरिचितही नाही. तो मुंबई इलाख्यात १९१५ साली कायद्याने आला. नगररचना योजना, जिला सरकारी भाषेत आपण टीपी स्कीम म्हणतो. रस्त्यासाठी एखाद्याची जमीन कापून घ्यायची आणि शेजाऱ्याच्या जमिनीला सोन्याचा भाव यायचा, हा विकास आराखड्यातला नेहमीचा अन्याय आहे. रस्त्याखाली ज्याची जमीन गेली तो न्यायालयात जातो, रस्ता अर्धवट राहतो. टीपी स्कीममध्ये एका भागातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करतात, रस्ते, उद्यानं, शाळा यांच्यासाठी प्रत्येकाकडून ठरावीक वाटा काढतात, आणि उरलेल्याचे नीट चौकोनी भूखंड करून प्रत्येकाला परत देतात. जमीन कमी होते, पण सगळ्यांची सारखीच. आणि प्रत्येक भूखंडाला रस्ता मिळतो. शिवाजीनगर-डेक्कन भागातल्या जुन्या पत्त्यांवर 'एफ. पी. नंबर' असं अजून दिसतं. ते एफ. पी. म्हणजे अशाच योजनेतले अंतिम भूखंड. त्या भागात चालताना रस्त्याला रस्ता कसा मिळतो, एक गल्ली बंद असली तर दुसरी कशी सापडते, हे एकदा निवांत पाहा. मग मारुंजीत जा. तिथे प्रत्येक बिल्डरने आपल्या सर्व्हे नंबरापुरता रस्ता केला आहे आणि तो शेजारच्या भिंतीला जाऊन थडकतो. दोन सोसायट्यांच्या मध्ये वीस फुटांची भिंत. तीवरून चढून जाता आलं तर दोन मिनिटं, गाडीने जायचं तर मुख्य रस्ता, चौक, सिग्नल, पुन्हा आत.

अहमदाबादने ही पद्धत कधी सोडली नाही. तिथला ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड झाला, तो मुख्यत्वे अशा योजनांमधून मिळालेल्या जमिनीवर. आपल्या राज्यात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ही तरतूद आहे, पण मधली कित्येक दशकं ती कपाटात होती. लवादाकडे योजना वर्षानुवर्षं पडून राहायच्या, आणि बिल्डरांना टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, जास्त सोपा वाटायचा. पीएमआरडीएने म्हाळुंगे-माण इथे अशी योजना हाती घेतली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण उद्यानाला वेढणाऱ्या सगळ्या गावांत ही योजना हवी होती, आणि ती इमारती उभ्या राहण्याआधी हवी होती. इमारत झाली की तिच्या भिंतीतून रस्ता काढता येत नाही, कायदा कितीही चांगला असला तरी.

बस आणि मेट्रोबद्दल थोडंच बोलतो. माण ते शिवाजीनगर या मेट्रोचं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ ला झालं. २३ किलोमीटरहून थोडी अधिक लांबी, २३ स्थानकं. मेट्रो हवीच होती, पण ती आली उद्यानानंतर दोन दशकांनी. मेट्रो धावली तरी स्थानकापासून कंपनीच्या फाटकापर्यंत चालण्याजोगा पदपथ आणि छोटी बस नसेल, तर माणूस पुन्हा दुचाकीच काढणार. अमेरिकेतल्या शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेने एक तुलना छापली आहे : दहा फुटी मार्गिकेतून तासाला खासगी मोटारींनी ६०० ते १६०० माणसं जातात, तर तीच मार्गिका बसला राखून ठेवली तर ४००० ते ८०००. आपण पुण्यात बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली बससेवा, २००६ साली देशात सगळ्यांच्या आधी सुरू केली आणि मग ती जागोजागी उखडली. मोटारवाल्याला रिकामी दिसणारी बसची मार्गिका सहन होत नाही. ती रिकामी दिसते, कारण बस पुढे निघून गेलेली असते.

मग मागायचं काय? माझ्या दृष्टीने एकच मागणी मोठी आहे. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या प्रत्येक व्यापारी बांधकामाला परवानगी देताना त्याच्या वाहतुकीचा ताळेबंद फाइलवर असला पाहिजे : किती माणसं, कुठून, कशाने, कुठल्या रस्त्याने. तो सार्वजनिक झाला पाहिजे, त्यावर शेजारच्या महापालिकेचा आणि पोलिसांचा अभिप्राय असला पाहिजे. आणि जोडरस्ता किंवा पूल अपुरा असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र त्या कामाच्या टप्प्याला बांधलं पाहिजे. रस्ता झाला की इमारतीत माणसं जातील, आधी नाही. बिल्डर म्हणतील, रस्ता सरकारचा, शिक्षा आम्हाला का? म्हणून तर ही अट हवी. जोवर विलंबाचा फटका फक्त रस्त्यावरच्या माणसाला बसतो, तोवर भूसंपादनाची फाइल हलत नाही. ज्या दिवशी तो फटका विक्रीला बसेल, त्या दिवशी मंत्रालयात फोन करणारे लोक बदलतील.

याला विरोध कुठून होईल, तेही स्पष्ट सांगतो. तो प्राधिकरणांकडूनच होईल. वाढीव चटईक्षेत्राचं अधिमूल्य, विकसन शुल्क हीच त्यांची कमाई. जो जितक्या जास्त परवानग्या देईल, त्याची तिजोरी तितकी भरते, आणि त्या परवानग्यांचा भार शेजारच्या हद्दीतल्या चौकावर पडतो. ज्या चौकावर भार पडला, त्याच चौकासाठी ते शुल्क खर्च व्हावं, असा नियम झाला तर निम्म्या फायली आपोआप नीट विचार करून निघतील. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने महानगरांना एकात्मिक वाहतूक प्राधिकरण नेमायला सांगितलं आहे. पुण्यासाठी तशी व्यवस्था कागदावर झाली. पण अशा प्राधिकरणाला परवानगी रोखण्याचा अधिकार नसेल, तर ती आणखी एक बैठक, आणखी एक चहा, एवढीच उरते.

शेवटी तुमच्याकडे एक काम सोपवतो. पीएमआरडीएने २०२१ साली प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास आराखडा शासनाने २०२५ साली रद्द केला. म्हणजे नवा आराखडा येणार, त्यावर पुन्हा हरकती आणि सूचना मागवल्या जाणार. गेल्या वेळी आलेल्या हरकतींत बहुतेक मजकूर एकच होता : 'माझ्या गटावरचं आरक्षण उठवा.' तुम्ही सातबाराचे मालक असाल तर ती हरकत जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण तिच्याखाली दुसरी एक ओळ लिहा. तुमच्या घरापासून शाळा, बाजार आणि कामाच्या जागेपर्यंत जाणारा, मुख्य रस्त्यावर न येणारा एखादा जोडरस्ता नकाशात आहे का, ते पाहा. नसेल तर कुठल्या सर्व्हे नंबरांमधून तो जावा ते नोंदवा, आणि आराखड्यात टीपी स्कीमची मागणी करा. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या. नकाशा मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावा, सगळ्यांना पेन्सिल द्या. मुदत कमी असते, आणि ती संपली की आराखड्यावर बोलायला कोणी बोलावत नाही.